इन्टेस्टायनल लिम्फँजिएक्टेशिया : सहा वर्षांच्या मुलाचा आहार कसा सांभाळावा?

रामबागची आई, इंदूर

नमस्कार. माझ्या ६ वर्षांच्या मुलाला ‘प्रायमरी इन्टेस्टायनल लिम्फँजिएक्टेशिया’ हा आतड्याचा आजार असल्याचे गेल्या महिन्यात बायोप्सीनंतर निश्चित झाले. आमच्या घराण्यात हे नाव कोणी ऐकलेले नव्हते, आणि इंदूरमध्येही याच आजाराचे दुसरे मूल असलेले कुटुंब मला अजून भेटलेले नाही, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात दिवाळीनंतर झाली. सकाळी डोळ्यांखाली आणि संध्याकाळी घोट्यांवर सूज दिसू लागली, हातपाय काटकुळे आणि पोट मात्र पुढे आलेले, दिवसातून तीन-चार वेळा पातळ आणि तेलकट शौच. सूज म्हणजे मूत्रपिंडच, असे गृहीत धरून एका रुग्णालयात त्याला अनेक महिने स्टेरॉइड दिले गेले. लघवीत प्रथिने एकदाही सापडली नाहीत, तरी त्याचा अर्थ काय हे ना त्यांनी सांगितले, ना मला विचारायला सुचले. अखेर दुसऱ्या डॉक्टरांनी रक्तातील लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) सतत कमी असल्याचे पाहिले आणि आतड्याची दुर्बिणीने तपासणी करायला लावली. ड्युओडिनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, जागोजागी पांढरे ठिपके दिसले. तेव्हा त्याचे अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातील मुख्य प्रथिन, अवघे १.७ होते.

आता जेवणातले तेल-तूप अगदी कमी करून ‘एमसीटी’ (मध्यम साखळीच्या मेदाम्लांचे) तेल सुरू करण्यास सांगितले आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की, मूल एवढे खंगलेले असताना भातावरचे तूप बंद करणे हे कुठले शहाणपण? आणि मला त्यांना पटेल असे उत्तर देता येत नाही. एमसीटी तेल महाग आहे आणि दर वेळी मागवावे लागते. नारळाच्या तेलातही तेच असते असे वाचले, तर ते चालेल का? शिरेतून अल्ब्युमिन दिले की चार दिवस सूज उतरते आणि पुन्हा येते, मग ते वारंवार का देत नाहीत? आणि हे पथ्य किती वर्षांचे?

निवृत्त पॅथॉलॉजिस्ट

ताई, मी प्रयोगशाळेतला माणूस, उपचार करणारा नव्हे. औषधांचे निर्णय आपल्या पोटविकारतज्ज्ञांकडेच राहू द्यावेत. मात्र सासूबाईंना काय सांगायचे, त्याचे उत्तर या आजाराच्या घडणीतच आहे.

लहान आतड्याच्या आत बोटांसारखे बारीक अंकुर असतात आणि प्रत्येक अंकुराच्या मधोमध एक लसिकावाहिनी, म्हणजे लसिका (लिम्फ) हा द्रव वाहून नेणारी बारीक नळी, असते. तूप, तेल, लोणी, दाणे यांतील स्निग्धांश पचल्यावर थेट रक्तात जात नाही. तो सूक्ष्म थेंबांच्या रूपाने या वाहिनीत शिरतो, छातीतील मोठ्या लसिकानलिकेतून वर चढतो आणि मानेच्या डाव्या बाजूला शिरेत जाऊन रक्ताला मिळतो. आपल्या मुलाच्या आतड्यातील या वाहिन्या फुगलेल्या आहेत आणि त्यांतून लसिका आतड्याच्या पोकळीत गळते. तिच्याबरोबर अल्ब्युमिन, संसर्गाशी लढणारी प्रतिपिंडे, लिम्फोसाइट पेशी, चरबी आणि चरबीत विरघळणारी अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे वाहून जातात. स्निग्ध जेवणानंतर लसिकेचा ओघ वाढतो, वाहिन्यांतील दाब वाढतो आणि गळतीही वाढते. जुन्या नळाची गळती नर्मदेचे पाणी सुटते त्या तासातच उघडी पडते, हे इंदूरकराला वेगळे सांगायला नको. भातावरचे तूप म्हणजे ते सुटलेले पाणी होय. ते मुलाच्या अंगी लागत नाही, उलट जाताना त्याच्या रक्तातील प्रथिनेही घेऊन जाते. सासूबाईंना एवढे सांगून पाहावे.

१९६१ साली अमेरिकेत टॉमस वाल्डमन आणि सहकाऱ्यांनी १८ रुग्णांवरून हा प्रकार वर्णिला, म्हणून याला वाल्डमनचा आजारही म्हणतात. त्याआधी अशा रुग्णांच्या कागदावर प्रथिने कमी असण्याचे कारण ‘अज्ञात’ असेच लिहिले जाई.

मूत्रपिंडाचा घोटाळा अनेकांच्या बाबतीत होतो. मूत्रपिंडातून प्रथिने जातात तेव्हा ती लघवीत सापडतात, आकाराने मोठी प्रथिने बरीचशी रक्तातच राहतात आणि कोलेस्टेरॉल चढते. आतड्यातून गळताना लहानमोठा भेद राहत नाही, त्यामुळे अल्ब्युमिनबरोबर आयजीजी हे प्रतिपिंडही घटते, लिम्फोसाइट घटतात आणि लघवी स्वच्छ असते. अनेक महिने चाललेले स्टेरॉइड मात्र आजार वेगळा निघाला म्हणून घरच्या घरी एकदम बंद करू नये. ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पायरीपायरीनेच उतरवावे लागते.

एक गोष्ट मी आवर्जून विचारीन. ‘प्रायमरी’ हा शब्द लावण्यापूर्वी इतर कारणे वगळली आहेत ना? हृदयाभोवतीचे आवरण क्षयरोगामुळे जाड व कडक झाले, तर शिरांमधील दाब वाढतो, लसिकेला रक्तात रिकामे होता येत नाही आणि आतड्यातील वाहिन्या अगदी अशाच फुगतात. पोटातील लसिकाग्रंथींचा क्षय, लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग), जन्मजात हृदयदोषावरील फोन्टान शस्त्रक्रिया यांनीही असे होते. कडक आवरण शस्त्रक्रियेने काढता येते, म्हणून इकोकार्डिओग्राफीचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) कागद फाइलमध्ये आहे याची खात्री करावी. भावंडांपैकी आणखी कोणाला असाच त्रास असेल, किंवा शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होत असतील, तर सीडी५५ या प्रथिनाच्या अभावाचा ‘चॅपल’ नावाचा आनुवंशिक आजार पाहावा लागतो. तो २०१७ मध्ये ओळखला गेला आणि त्यावरील पोझेलिमॅब या औषधाला २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. नाव जवळचे वाटले तरी त्याचा उपचार निराळा आहे.

अल्ब्युमिनबद्दल सांगायचे तर शिरेतून दिलेले अल्ब्युमिन त्याच भोकातून गळून जाते. श्वासाला त्रास होण्याइतके पाणी साठले, किंवा शस्त्रक्रिया करायची असली, तर ते देणे योग्य ठरते. नेहमीचा उपाय म्हणून ते टिकत नाही. रक्तातील कॅल्शियमच्या रिपोर्टवरही पटकन घाबरू नये. एकूण कॅल्शियमचा सुमारे ४० टक्के भाग अल्ब्युमिनला चिकटून असतो, त्यामुळे अल्ब्युमिन उतरले की तो आकडाही उतरतो. खरी कमतरता पाहायची असेल तर आयनाइज्ड (प्रथिनाला न चिकटलेले, मोकळे) कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासावे. या आजारात ती कमतरता खरोखरही होते. बोटे आखडणे, ओठांभोवती मुंग्या येणे असे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

खाणेपिणे आणि आहारशास्त्र

काकांनी नळाचे उदाहरण छान दिले आहे. मी स्वयंपाकघरापुरते लिहिते. मी आहारतज्ज्ञ आहे आणि या आजाराची दोनच मुले आजवर माझ्याकडे आली आहेत, हे आधीच सांगते.

नारळाच्या तेलाविषयीचा समज फार पसरलेला आहे. एमसीटी तेलात आठ आणि दहा कर्बाणूंची मेदाम्ले असतात. ती लसिकेचा मार्ग न धरता आतड्यातून थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत शिरतात, आणि म्हणूनच गळक्या वाहिन्यांवर भार न टाकता मुलाला कॅलरी मिळतात. नारळाच्या तेलात अशी मेदाम्ले रुपयातले जेमतेम दोन आणे असतात. त्यातील निम्म्याच्या आसपास भाग लॉरिक आम्लाचा असतो, जे बारा कर्बाणूंचे असून बरेचसे लसिकेतूनच जाते. बाटलीवर आणि जाहिरातीत लॉरिक आम्ल ‘मध्यम साखळी’त मोजतात, त्यामुळे हा घोळ होतो. नारळाचे तेल एमसीटी तेलाला पर्याय नाही.

एमसीटी तेल एकदम पूर्ण मात्रेत सुरू केले तर पोटात कळा येतात आणि शौच वाढते, मग घरचे म्हणतात की या तेलानेच बिघडले. अर्धा चहाचा चमचा, तोही दिवसभरात विभागून, अशी सुरुवात करून आठ-पंधरा दिवसांत सांगितलेल्या मात्रेपर्यंत जावे. ते लवकर धुरावते, म्हणून फोडणीला आणि तळणाला वापरू नये. गरम वरणात, शिजलेल्या भाजीत, पातळ खिमटीत वरून घालून ढवळावे. त्याला चव फारशी नसते, त्यामुळे मुले कुरकुर करत नाहीत. मात्र या तेलात शरीराला बाहेरूनच मिळावी लागणारी आवश्यक मेदाम्ले नसतात. ती मिळावीत म्हणून दिवसाकाठी मोजून थोडे सोयाबीन किंवा जवसाचे तेल द्यावे लागते, आणि त्याची मात्रा तुमच्या आहारतज्ज्ञांनी मुलाच्या वजनावरून ठरवावी. ‘तेल पूर्ण बंद’ केलेल्या मुलांची कातडी कोरडी, खवल्यांसारखी झालेली मी पाहिली आहे.

आता मराठी घराची खरी अडचण. आपण तेल-तूप मोजतो आणि कूट विसरतो. शेंगदाण्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेल असते, तिळाचेही तसेच, आणि सुक्या खोबऱ्यात तर त्याहून जास्त. कोशिंबिरीत आणि भाजीत मिळून २० ग्रॅम कूट गेले की १० ग्रॅम चरबी पोटात गेली. चहाच्या चमचाभर तेलात ती साडेचार ग्रॅम असते. म्हणजे दोन चमचे तेल वाचवल्याचे समाधान मानायचे आणि काकडीच्या कोशिंबिरीने ते परत घालायचे, असा प्रकार होतो. साबुदाण्याची खिचडी तर या मुलासाठी दोन्ही बाजूंनी तोट्याची : साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नाहीत आणि कुटात चरबी भरपूर. उपवासाला भगर आणि साय काढलेल्या दुधाचे ताक द्यावे. गोडा मसाला खोबरे-तीळ न घालता त्याच्यापुरता वेगळा करून ठेवला तर आमटीची चव बरीचशी राहते.

दूध घेताना पिशवीवरचे शब्द वाचावेत. फुल क्रीममध्ये ६ टक्के, टोण्डमध्ये ३, डबल टोण्डमध्ये १.५ आणि स्किम्डमध्ये जास्तीत जास्त अर्धा टक्का स्निग्धांश असतो. घरी साय काढली तरी डेअरीच्या स्किम्ड दुधाइतका स्निग्धांश निघत नाही. स्किम्ड दुधाचे दही, त्याचा चक्का आणि त्याच दुधाचे पनीर या तिन्ही गोष्टींतून प्रथिने चांगली मिळतात, आणि गेलेली प्रथिने भरून काढायची असल्याने या मुलांना इतरांहून जास्त प्रथिने द्यावी लागतात. मूग, मसूर, तूर निर्धास्त द्याव्यात. हरभऱ्यात पाच टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश आहे, तो हिशेबात धरावा. सोयाबीनचे अख्खे दाणे टाळावेत, कारण त्यांत पाचवा हिस्सा तेल असते. तेल काढून घेतलेल्या सोयावड्या मात्र चालतात आणि त्यांत वजनाच्या निम्मे प्रथिन असते. घरात अंडे चालत असेल तर पांढऱ्या बलकातून साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिन मिळते, चरबी जवळजवळ नाही. पिवळा बलक इतरांनी खावा.

कल्पवृक्षाचे खोबरेच काय ते बंद, बाकी सणवार बंद नाहीत. पुरणपोळी कमी तेलावर भाजून दुधाबरोबर देता येते, श्रीखंड स्किम्ड दुधाच्या चक्क्याचे होते. भुट्ट्याचा कीस डबल टोण्ड दुधात शिजवून, फोडणी अर्ध्या चमच्याची घातली तर सराफा बाजारातल्या खाऊगल्लीसारखा होत नाही, पण मुले खातात.

सुदामानगर

ताई, मला हा आजार २९ व्या वर्षी कळला. आज मी ४१ वर्षांची आहे. त्यापूर्वी पोटातील पाण्यावरून क्षयरोग धरून सहा महिने गोळ्या दिल्या गेल्या आणि त्या संपल्यावरही पोट तसेच होते. म्हणून काकांनी इतर कारणांविषयी जे लिहिले आहे, त्याच्या उलट बाजूनेही सावध राहावे असे मला वाटते.

पथ्य किती वर्षांचे, याचे उत्तर मला कोणी स्पष्ट दिले नव्हते, ते मी देते. ते कायमचे आहे. दोन वर्षे बरे गेल्यावर मला वाटले की आजार गेला, आणि भावाच्या लग्नात मी चार दिवस सगळ्यांसारखे जेवले. त्या आठवड्यात काहीच झाले नाही. पायांवरची सूज जवळजवळ तीन आठवड्यांनी आली. अल्ब्युमिन रक्तात बरेच दिवस टिकते आणि हळूहळू उतरते, म्हणून चूक आणि शिक्षा यांच्यात एवढे अंतर पडते, असे डॉक्टरांनी नंतर समजावले. पथ्य सुरू केल्यावरही हेच लक्षात ठेवावे : पहिल्या पंधरवड्यात आकडा हलला नाही म्हणून धीर सोडू नये. शौच आधी सुधारते, सूज नंतर. मोठ्यांपेक्षा मुलांना आहाराचा गुण जास्त येतो, असेही मला सांगण्यात आले आहे.

वजनाच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. सूज वाढली की वजन वाढते आणि आजी खूश होते. सूज उतरली की वजन घटते आणि घरात रडारड. मुलाची उंची आणि दंडाचा घेर दर महिन्याला त्याच तारखेला लिहून ठेवा, पोटाचा घेर सकाळी उठल्यावर मोजा. माझ्या वहीत अल्ब्युमिन, आयजीजी, लिम्फोसाइट, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व असे पाच स्तंभ आहेत, आणि नव्या डॉक्टरांकडे जाताना मी फाइलऐवजी ती वहीच पुढे करते.

संसर्गाची काळजी घ्या. मुलाची प्रतिपिंडे आणि लिम्फोसाइट दोन्ही गळत असल्याने ताप आला की ‘बघू दोन दिवस’ म्हणू नये. लसींची यादी बालरोगतज्ज्ञांना हा आजार सांगून पुन्हा तपासून घ्यावी, कारण जिवंत विषाणूंच्या काही लसी लिम्फोसाइट फार कमी असताना द्याव्यात की नाही, हा निर्णय त्यांनीच घ्यायचा असतो. माझ्या डाव्या पायात लसिकेची कायमची सूज आहे आणि बोटांमधील साध्या भेगेतून दोनदा सेल्युलायटिस (त्वचेखालचा जंतुसंसर्ग) झाला, म्हणून मी पाय रोज धुऊन कोरडे करते आणि अनवाणी चालत नाही. मुलाच्या एकाच हाताला किंवा पायाला अशी न उतरणारी सूज असेल तर डॉक्टरांना दाखवावी.

आहाराने भागले नाही तर पुढे औषधे आहेत. मी ऑक्ट्रिओटाइडची महिन्याची इंजेक्शने वर्षभर घेतली. थोडा गुण आला, पण पित्ताशयात खडे दिसले म्हणून ती थांबवली. अलीकडे काही रुग्णांना सिरोलिमस देतात, आणि त्याची रक्तातील पातळी सतत पाहावी लागते. आजार आतड्याच्या एकाच तुकड्यापुरता असेल तर तेवढा भाग काढण्याची शस्त्रक्रियाही करतात. माझ्या आतड्यात तो सगळीकडे विखुरलेला असल्याने तो मार्ग नव्हता. वर्षानुवर्षांनंतर थोड्या रुग्णांत लिम्फोमा झाल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे मी दरवर्षी तपासणी चुकवत नाही. हे वाचून घाबरू नका, पण दहा वर्षांनी अचानक कळण्यापेक्षा आज माहीत असलेले बरे, असे माझे मत आहे.

रामबागची आई, इंदूर

आपण तिघांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. काकांच्या सांगण्यावरून फाइल काढून पाहिली. इकोचा कागद आहे आणि त्यात हृदयाचे आवरण सामान्य असल्याचे लिहिले आहे. आयनाइज्ड कॅल्शियमची तपासणी झालेली नव्हती, ती पुढच्या भेटीत करून घेऊ. सासूबाईंना नळाचे उदाहरण वाचून दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत, मात्र दुपारी तुपाची बरणी वरच्या फळीवर गेलेली दिसली.

एक अडचण राहिली. रविवारी सकाळी सगळे घर पोहे-जिलबी आणायला बाहेर पडते आणि हा दाराशी उभा राहून रडतो. बाहेरचे काहीच देता येणार नाही का? खोपरा पॅटीस आणि हिवाळ्यातला गराडू (तळलेला कंद) मी केव्हाच यादीतून काढले आहेत.

खाणेपिणे आणि आहारशास्त्र

इंदूरचे पोहे या बाबतीत आपल्या बाजूचे आहेत, कारण ते वाफेवर गरम ठेवतात आणि त्यांत तेल घरच्या पोह्यांपेक्षा अनेकदा कमीच असते. मात्र किती ते दुकानागणिक बदलते, म्हणून रोजच्या दुकानदाराला एकदा विचारून घ्यावे. शेव आणि शेंगदाणे घालू नका असे आधीच सांगावे, वरून कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि जिरावण मसाला हवा तेवढा. पोह्यांत प्रथिने थोडीच असतात, म्हणून घरून वाफवलेल्या मोडाच्या मुगाचा डबा न्यावा आणि त्याच्या द्रोणात मिसळावा. जिलबी तळलेली असल्याने ती नाही. तिच्याऐवजी त्याला दुकानातच काहीतरी ‘स्वतःचे’ मिळावे म्हणून माझ्याकडच्या एका मुलाचे वडील खिशात गुळाचा खडा ठेवत असत.

रामबागची आई, इंदूर

आज रविवार होता. शेव नसलेला द्रोण पाहून तो हिरमुसला, मग आजोबांनीही आपल्या द्रोणातली शेव परत केली. डब्यातले मूग दोघांनी मिळून संपवले. एमसीटी तेल काल अर्ध्या चमच्याने सुरू केले आहे, पोटात कळ आलेली नाही. पुढची रक्ततपासणी तीन आठवड्यांनी आहे. आकडे आले की इथेच लिहीन.